मुळं, जांभा आणि पाचोळा: कोल्हापूरच्या जुन्या जंगलवाटांवर माउंटन बाईक

कोल्हापुरात नवी माउंटन बाईक घेतली की पहिली चक्कर ठरलेली, जोतिबा नाहीतर पन्हाळा, डांबरी घाटानं वर आणि त्याच घाटानं खाली. त्यात आपला दम किती ते कळतं. बाईक कशी आहे ते मात्र डांबर सुटल्यावर, पायवाट झाडीत शिरल्यावर आणि मनगटाएवढी मुळं वाटेत आडवी आल्यावरच कळतं. तिथं माणूस पडतो तेव्हा दोष वाटेला दिला जातो. खरं तर पडण्याची बरीचशी तयारी घरीच झालेली असते: चाकात हवा जास्त, सीट उंच, ब्रेकचे पॅड तेलकट. म्हणून या लेखात घरच्या तयारीला वाटेइतकीच जागा दिली आहे.

वाट कुणाची आहे

राधानगरी अभयारण्य १९५८ साली गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य म्हणून सुरू झालं. आज त्याचं क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही, आणि परवाना कलम २८ खाली मिळतो. गेटवर जीपचं तिकीट मिळतं म्हणजे सायकलही चालत असेल, असं धरून जाऊ नका. वन्यजीव विभागाच्या कार्यालयात आधी लेखी अर्ज द्या. त्यात सगळ्यांची नावं, सायकलींची संख्या, तारीख, आत शिरायची आणि बाहेर पडायची वेळ आणि नेमका रस्ता लिहा. मंजुरीची प्रत खिशात ठेवा. परवानगी जीपरस्त्याची असेल तर त्याच रस्त्यावर राहायचं. बाजूला फुटणारी गव्यांची पायवाट कितीही मोहाची दिसली तरी ती गव्यांची. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं, तेव्हा अर्ज घेऊन जाण्यातही अर्थ नाही.

अभयारण्याबाहेरही सगळं मोकळं रान नाही. पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. तिथल्या वनरक्षकाला आणि गावच्या सरपंचांना आधी फोन करणं हा शहाणपणा. देवराईचा नियम तर आणखी सरळ: देवराईत सायकल चालवायची नाही. वाट देवराईतूनच जात असेल तर उतरून बाईक हातात धरून न्या. तिथली मुळं शेकडो वर्षांच्या झाडांची, आणि गावाची श्रद्धा त्याहून जुनी.

नवख्यानं सुरुवात पन्हाळा, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी या पावनखिंडीकडे जाणाऱ्या जुन्या वाटेच्या पहिल्या टप्प्यावर करावी. सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार), मुरमाड उतार, झाडीतली मुळं, वाडीतली दगडी पाखाडी, सगळं थोडंथोडं मिळतं आणि दर काही किलोमीटरवर वस्ती आहे. फक्त १२-१३ जुलैच्या आसपास तिकडे फिरकू नका. १६६० च्या लढाईच्या स्मरणार्थ हजारो लोक ती वाट चालत असतात, शिवाय चिखल गुडघाभर.

कधी जायचं

कोल्हापूर शहरात वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस पडतो, गगनबावड्याला त्याच्या पाचपट. शहरात रस्ते वाळले म्हणून जंगल वाळलं, असं होत नाही. सडे दसऱ्यापर्यंत कोरडे होतात, पण दाट सदाहरित झाडीत ऊन जमिनीला लागतच नाही आणि तिथली माती डिसेंबरपर्यंत ओली राहते. जागेवर एक चाचणी करा. बाईकवर बसून दहा फूट पुढे जा आणि मागे वळून बघा. टायरची नुसती नक्षी उमटली असेल तर चाला. पेराएवढी खोल चरी पडली असेल तर परत फिरा. त्या चरीतून पुढच्या पावसाचं पाणी वाहतं, तिची ओघळ होते आणि दोन पावसाळ्यांत वाटेची घळ होऊन मुळं उघडी पडतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरात सड्यावर फुलांचे गालिचे असतात. सडा मोकळा दिसतो म्हणून कुठूनही चाक घालायचं नाही. जांभ्यावर काही ठिकाणी बोटभरच माती असते, आणि सगळी फुलं तिच्यात उगवलेली असतात. मळलेली वाट धरा.

उत्तम काळ मध्य डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर. मार्चपासून पानगळ आणि वणव्याचे दिवस. वणवा पसरू नये म्हणून वन खात्यानं गवत काढून केलेले पट्टे, म्हणजे जाळरेषा, तेव्हा सायकलला छान वाटतात, पण धूर दिसला की वाऱ्याच्या आडव्या दिशेनं डांबराकडे निघायचं. धूर कुठून येतोय ते बघायला जायचं नाही.

बाईक किती पुरते

१०० ते १२० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा, एअर फोर्क (हवेवर चालणारा पुढचा शॉक) असलेली हार्डटेल (मागे शॉक नसलेली बाईक) या भागाला पुरेशी आहे. फुल सस्पेन्शन असेल तर आनंदच, पण त्याचे बेअरिंग लाल चिखलात लवकर करकरायला लागतात. पैसे मोजकेच असतील तर ते आधी हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि चांगल्या टायरवर घाला. कार्बन हँडल पुढच्या जन्मी.

टायर २.२५ ते २.४ इंची आणि कडेच्या गुटक्या उंच. पुढे जास्त पकडीचा आणि मागे थोडा कमी, ही जोडी चालते. पुढचं चाक घसरलं तर माणूस पडतो, मागचं घसरलं तर बहुतेक वेळा सावरतो. गिअर वन-बाय असेल, म्हणजे पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), तर पुढे ३२ दात आणि मागे ५० किंवा ५१ पर्यंतची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच). जुन्या थ्री-बाय बाईकची २२ दातांची छोटी चेनरिंगही चढाला तितकीच चांगली.

फोर्कची सॅग, म्हणजे नुसत्या तुमच्या वजनानं तो किती दबतो ते, मोजायला पाच मिनिटं लागतात आणि बहुतेक जण ती कधीच मोजत नाहीत. पाठीवर पाण्याची पिशवी, पायात बूट, असा पूर्ण पेहराव करून भिंतीला टेकून पेडलवर उभे राहा. फोर्कच्या नळीवरचं रबरी रिंगण खाली सरकवा, सावकाश उतरा आणि रिंगण किती वर सरकलं ते मोजा. १२० मिलिमीटरच्या फोर्कला २४ ते ३० मिलिमीटर हवं. कमी आलं तर हवा थोडी सोडा, जास्त आलं तर भरा. मागचा शॉक असेल तर त्याच्या स्ट्रोकच्या २५ ते ३० टक्के.

हवा

एकच गोष्ट सुधारायची असेल तर ही सुधारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं माउंटन बाईकच्या टायरमध्ये डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ४० पीएसआय जातात. मोटारीच्या टायरसाठी बनलेला त्याचा काटा २० ते २५ च्या पट्ट्यात अचूक नसतो. घरी फ्लोअर पंप आणि लहान डिजिटल गेज ठेवा.

७५ किलोचा माणूस आणि २.३ इंची टायर धरून सुरुवात अशी: ट्यूबलेस असेल तर पुढे २१, मागे २४ पीएसआय. ट्यूब असेल तर पुढे २६, मागे २९. वजन दहा किलोनं जास्त असेल तर दोन्हीकडे दोन-दोन वाढवा, कमी असेल तर तितकेच कमी करा. मग वाटेवर ऐका. मुळांवरून जाताना रिम दगडाला लागल्याचा ‘टण्ण’ आवाज पूर्ण फेरीत एखाद्या वेळी आला तर ठीक, वारंवार आला तर मागे दोन पीएसआय वाढवा. वळणावर टायर रिमखाली दुमडल्यासारखा वाटला तर एक वाढवा. चाक बारीक खड्यांवरून टणाटण उड्या मारत असेल तर एक कमी करा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही.

बाईक गाडीच्या टपावर उन्हात ठेवून दाजीपूरला नेली तर टायर तापतात. हवेचं तापमान दहा अंशांनी वाढलं की या दाबाला सव्वा ते दीड पीएसआय वाढतात. म्हणून शेवटची मोजणी गाडीतून उतरून सावलीत थांबल्यावर.

ट्यूबलेससाठी २९ इंची टायरला १०० ते १२० मिलिलिटर सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) लागतं. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळून टायरच्या आत रबराच्या गोळ्या होतात. बाभळीचा, बोराटीचा किंवा करवंदीचा काटा निघाल्यावर छिद्र बुजलं नाही, तर बहुतेक वेळा आतलं सीलंटच संपलेलं असतं. टायर कानाजवळ धरून हलवा, पाण्यासारखा खळखळाट आला पाहिजे. मोठ्या छिद्राला प्लग (बाहेरून खुपसायची रबरी पट्टी) घाला. आणि काटा टायरमध्ये रुतलेला असेल आणि हवा जात नसेल तर तो वाटेत उपसायचा मोह आवरा. घरी गेल्यावर काढा.

ट्यूबवाल्यांनी पंक्चर झालेली ट्यूब फेकण्याआधी वाचावी. दोन छिद्रं शेजारीशेजारी असली तर रिमनं चावलंय, हवा कमी होती. बाहेरच्या बाजूला एक छिद्र असलं तर काटा, मग टायरच्या आतून बोट फिरवून तो शोधा, नाहीतर नवी ट्यूबही त्याच जागी जाईल. आतल्या बाजूला छिद्र असलं तर रिम टेप सरकलीय आणि स्पोकचं टोक लागतंय.

ब्रेक

पॅडवरचं मटेरियल अर्धा मिलिमीटर उरलं की तो बदलायचाच असतो. एक मिलिमीटर उरलेला पॅडही जंगलात नेऊ नका, कारण ओल्या लाल मातीत रेझिन पॅड एका दिवसात डोळ्यांदेखत झिजतो. पावसाळी किंवा चिखलाच्या वाटांसाठी सिंटर्ड धातूचे पॅड घ्या. थोडे आवाज करतात, टिकतात जास्त. मात्र काही स्वस्त रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) ‘फक्त रेझिन पॅड’ असं कोरलेलं असतं, तिथे सिंटर्ड लावू नका.

नवे पॅड लावून सरळ जंगलात जाणं ही नेहमीची चूक. आधी सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरचा वेग घ्या आणि एकेक ब्रेक दाबून चालण्याच्या वेगापर्यंत आणा, पण चाक पूर्ण थांबवू नका. असं प्रत्येक ब्रेकला वीसेक वेळा केलं की पॅड आणि रोटर एकमेकांवर बसतात.

ब्रेक चिरकतो आणि पकडत नाही, असं झालं की बहुधा चेनवर मारलेला स्प्रे रोटरवर उडालेला असतो. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पॅडनं तेल पिऊन घेतलं असेल तर तो टाकून द्या. गॅसवर भाजून तो सुधारतो असं सांगणारे आहेत, पण उतारावर त्या पॅडवर जीव टाकायचा आहे हे लक्षात घ्या. आणि चाक काढून बाईक गाडीत घातली असेल तर कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) पॅड स्पेसर, निदान जाड पुठ्ठ्याची घडी तरी ठेवा. कुणी सहज लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही.

लिव्हर हँडलवर आत सरकवा, इतका की तर्जनीचं पहिलं पेर लिव्हरच्या टोकाच्या वळणावर येईल. ब्रेक एका बोटानं, बाकीची तीन बोटं आणि अंगठा ग्रिपवर. दोन-तीन बोटांनी ब्रेक धरणाऱ्याच्या हातातून पहिल्याच मोठ्या मुळावर हँडल निसटतं.

सीट, पेडल, अंग

ड्रॉपर पोस्ट (बटणानं सीट खाली-वर करणारा दांडा) असेल तर उतार दिसताच सीट खाली. नसेल तर उताराच्या तोंडाशी थांबून क्विक रिलीज सैल करा, सीट सहा-सात सेंटीमीटर खाली घ्या आणि पोस्टवर मूळ उंचीला इलेक्ट्रिकल टेपची खूण ठेवा. आळस करून सीट उंचच ठेवली तर उतारावर अंग मागे घ्यायला जागा उरत नाही आणि माणूस हँडलवरून पुढे जातो.

शिकताना पिनांची फ्लॅट पेडल आणि कडक तळव्याचे बूट. बूट पेडलला अडकवणारी क्लीट नंतर. नडगीला पिना लागतात, तेव्हा गुडघ्याबरोबर नडगीचीही पॅडं घ्या. पूर्ण बोटांचे हातमोजे हवेतच, कारण जांभ्यावर पडलेला तळहात किसणीवर घासल्यासारखा होतो. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की वरून तडा दिसो न दिसो, ते बाद.

अंगाची मूळ ठेवण अशी: पेडल समतल, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपर वाकलेले, कोपर बाहेर, सीटवरून उठलेलं, आणि नजर चाकावर नव्हे तर तीन-चार बाईक-लांबी पुढे. ज्या दगडाकडे टक लावून बघाल त्याच्यावरच जाल.

शेंडा पार्कात पंधरा दिवस

जंगलात शिकायला जाऊ नका, शिकून जा. शेंडा पार्काच्या मोकळ्या उतारावर किंवा घराजवळच्या मैदानात रोज वीस मिनिटं पुरतात. पहिले चार-पाच दिवस जागच्या जागी तोल धरा: हलका चढ, पुढचं चाक थोडं वळवलेलं, पेडल समतल, दहा सेकंदांपर्यंत. मग चालण्याच्या वेगात जमिनीवर आडव्या टाकलेल्या काठीवरून पुढचं चाक उचला. हात ओढून उचलायचं नाही. आधी छाती खाली दाबा, मग कंबर मागे फेकत पेडलचा अर्धा फेरा मारा, चाक आपोआप हलकं होतं. मग १५ सेंटीमीटरचा फुटपाथ चढा. शेवटी पार्किंगच्या दोन रेघांमध्ये आठचा आकडा काढा, पाय न टेकता, दोन्ही बाजूंनी. डावीकडे जमतं आणि उजवीकडे नाही, हे सगळ्यांचंच असतं. कच्च्या बाजूला दुप्पट वेळ द्या.

वाटेवर

आता ज्यासाठी एवढं केलं ते. समजा झाडीतली वाट उजवीकडे उतरत्या डोंगरकडेनं जाते आहे आणि पुढे एक मूळ तिरकं आडवं आहे. साल पावलांनी घासून गुळगुळीत झालेली, तिच्यावर शेवाळाचा हिरवा पापुद्रा, आणि मूळ उजवीकडे खाली गेलेलं. पुढचं चाक या मुळावर तिरकं आलं तर मुळाच्या लांबीनं, म्हणजे उजवीकडे दरीच्या अंगाला, घसरतं. ब्रेक दाबलेला असेल तर हमखास. म्हणून वेग दोन बाईक-लांबी आधीच कमी करा आणि मुळाच्या आधी दोन्ही ब्रेक सोडा. मुळापुरतीच बाईक वळवून त्याला काटकोनात न्या, वाट तशी वळत नसली तरी. पेडल समतल ठेवा, मुळावर पेडल मारायचं नाही. पुढचं चाक मुळाला भिडताना कंबर वीतभर मागे घेऊन हँडलवरचा भार काढा. चाक पलीकडे गेलं की अंग पुढे आणा, गुडघे सैल सोडा, मागचं चाक आपोआप वर येईल. ते उतरल्यावरच पुन्हा ब्रेक. मुळांचं जाळं असेल तर पहिल्या मुळाआधी ठरवलेली रेघ शेवटपर्यंत धरा. मध्येच विचार बदलणारा मध्येच पडतो.

जांभ्याचे दोन स्वभाव आहेत. कोरडा जांभा खरकागदासारखा टायर धरून ठेवतो आणि नवख्याला उगाच धीर देतो. पण त्यावर नारळ मावेल एवढे खळगे असतात आणि पुढचं चाक त्यात हळू वेगात गेलं तर तिथंच अडकतं. खळग्याला वळसा घाला, किंवा अंग मागे घेऊन थोड्या वेगानं त्यावरून जा. अर्धवट वेग वाईट. ओल्या जांभ्याची गोष्ट वेगळी. सड्यावर काळे डाग दिसतात ते सुकलेलं शेवाळ असतं. दवानंही ते ओलं झालं की साबण होतो. सकाळी सातला सडा ओलांडताना काळ्या डागावर वळायचं नाही, ब्रेक मारायचा नाही, सरळ जायचं. साडेनऊनंतर तोच सडा शहाण्यासारखा वागतो.

पाचोळा चार बोटं जाड असतो आणि खाली काय आहे ते दाखवत नाही. आधीच्या पावलांनी दबलेली रेघ शोधा. वळणावर पुढचा ब्रेक नको, वेग वळणाआधीच कमी केलेला हवा. मुरमाड उतारावरचे खडे चेंडूसारखे चाकाखाली फिरतात, तिथं सरळ भागात ब्रेक आणि वळणात मोकळं चाक.

दगडाची पायरी उतरायची असेल तर आधी उतरून बघा. चेनरिंगखाली साधारण २५ सेंटीमीटर जागा असते, पायरी त्याहून कमी असेल तर सावकाश घरंगळत उतरता येतं: अंग मागे, पेडल समतल, दोन्ही ब्रेक हलके, आणि पुढचं चाक खाली टेकण्याच्या क्षणी पुढचा ब्रेक सोडलेला. पायरी जास्त उंच असेल तर बाईक खांद्यावर. जंगलात चालत पार केलेली पायरी कुणी मोजत नाही.

घाटातल्या पायवाटेचा तीव्र वळसा घेताना आत शिरायची घाई करू नका. शक्य तितकं बाहेरून या, मान वळवून वळणाच्या शेवटाकडे बघा, बाहेरच्या पेडलवर भार द्या, मागचा ब्रेक किंचित लागलेला ठेवा आणि पुढचा सोडा.

चढ दिसताच हलका गिअर घ्या. चढ लागल्यावर ताकदीनं पेडल दाबत गिअर बदलला तर चेन कडकडते, कधी तुटते. सीटच्या टोकाशी सरका, कोपर खाली, छाती हँडलकडे. मागचं चाक घसरलं तर अंग मागे, पुढचं उचललं तर अंग पुढे, सगळा चढ या दोन-तीन इंचांत जातो. दगडांमध्ये पूर्ण फेरा मारला तर पेडल आपटतं. तिथं अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा अर्धा पुढे, असं रेटत जायचं.

हँगर तुटला तर

पाचोळ्यातली काटकी मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या भागात) अडकते आणि ‘कट्ट’ असा आवाज येतो. त्याच क्षणी पेडल थांबवा, खाली उतरून काटकी काढा. आणखी एक जोराचा फेरा आणि हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा) तुटला. जवळ त्याच फ्रेमचा हँगर असेल तर दहा मिनिटांचं काम. नसेल तर बाईक सिंगल गिअर करून घरी आणता येते:

१. क्विक लिंक (चेनची उघडता येणारी कडी) उघडून चेन डिरेलरमधून काढा आणि डिरेलर केबलसकट झिप टायनं फ्रेमला बांधा.
२. मागे असं दातेरी चक्र निवडा की चेन पुढच्या चेनरिंगच्या सरळ रेषेत येईल, बहुधा कॅसेटच्या मधलं.
३. चेन त्यावर घालून ताणा आणि जादा कड्या चेन ब्रेकरनं काढा. क्विक लिंक लावायची तर दोन्ही टोकांना आतल्या पट्ट्याच हव्यात. लिंक तुमच्या चेनच्या स्पीडचीच हवी, आठ स्पीडची बाराला चालत नाही.
४. मधोमध दाबल्यावर सेंटीमीटरभर हलेल एवढी ढील ठेवा.
५. हलक्या पायानं चाला. जोर दिला तर चेन शेजारच्या मोठ्या चक्रावर चढते आणि जाम होते.

फुल सस्पेन्शनला मागचा शॉक लॉक करा आणि ढील थोडी जास्त ठेवा. शॉक दबला की चेन ताणली जाते.

नवा हँगर उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत नमुना देऊन व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्रावर) कापून घेता येतो. तिथला फोरमन आपुलकीनं म्हणेल, “लोखंडात करून देतो, जन्मात तुटायचा न्हाई.” नको म्हणा. हँगर मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमचा असतो, म्हणजे धक्का बसला की तो तुटतो आणि फ्रेम वाचते. लोखंडी हँगर लावलात तर पुढच्या वेळी फ्रेम मोडेल.

बाकी पिशवीत: चेन ब्रेकरवाला मल्टीटूल, टी-२५ की, दोन टायर लिव्हर, एक ट्यूब (ट्यूबलेसवाल्यांनीसुद्धा), प्लग, हातपंप, क्विक लिंका, झिप टाय, आणि जुन्या टायरचा कापलेला तुकडा. टायरची बाजू दगडानं चिरली की तो तुकडा आतून लावून वर ट्यूब भरायची. स्टेमचे बोल्ट सुमारे ५ न्यूटन-मीटर, जंगलात जास्त आवळून धागे घालवू नका. आणि डावं पेडल उलट आट्यांचं असतं, हे माहीत असूनही चुकतं.

गवा, जळू, गोचीड, साप

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा. फेब्रुवारीनंतर सड्यावरच्या पाण्यावर भरवसा ठेवू नका. खायला गूळ-शेंगदाणे आणि दशमी, आणि ओआरएसची दोन पाकिटं. जंगलात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि ‘पाचपर्यंत बाहेर पडलो नाही तर शोधा’ असं घरी सांगून निघा. गट चार ते सहा जणांचा. सर्वांत अनुभवी माणूस शेवटी, पुढे नाही. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधी तासभर अंधारतं, म्हणून साडेचारला डांबराकडे तोंड.

पहाटे आणि संध्याकाळी गवे चरायला निघतात. मोठा नर टनाच्या घरात जातो. सायकलला आवाज नसल्यानं तुम्ही वळणावरून अचानक त्याच्या पुढ्यात येता, आणि जो गवा जीपला ओळखून रस्ता देतो तो दचकतो. म्हणून आंधळ्या वळणाआधी बोलत राहा किंवा हलकी घंटी वाजवा. गवा दिसला की थांबा, बाईक तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा, नजर न रोखता सावकाश मागे सरका. वासरू आणि आई यांच्या मधून जायचं नाही. कळप वाट सोडेपर्यंत थांबा, तासभर लागला तरी. अस्वलालाही हीच वागणूक.

जळवा ऑक्टोबरअखेरपर्यंत भेटतात. ओढून तोडू नका. नखानं आधी बारीक टोकाकडून सोडवा, मग जाड टोकाकडून, आणि जखम साबणानं धुवा. गोचीड जास्त गंभीर. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात माकडताप आढळलेला आहे आणि तो गोचिडीतून पसरतो. पॅण्ट मोज्यात खोचा, मेलेलं माकड दिसलं तर तिथं थांबू नका आणि वन खात्याला कळवा. जंगलातून आल्यावर पुढच्या आठवडाभरात अचानक ताप चढला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

साप चावला तर दोरी आवळणं, चिरणं, चोखणं काहीही करू नका. अंगठी आणि घड्याळ काढा, चावलेला हात किंवा पाय फांदीच्या आधारानं हलणार नाही असा बांधा, वेळ नोंदवा आणि १०८ ला फोन करा. माणसाला चालवू नका, सायकल तर नाहीच. जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यावर प्रतिविष मिळतं. झुडपात लोंबणाऱ्या हिरव्या चापड्यावर ते लागू नाही, म्हणून वाटेवर वाकलेल्या फांद्या हातानं बाजूला सारू नका, हेल्मेट खाली घालून जा.

घरी आल्यावर

लाल माती वाळू देऊ नका, ती चिकटून बसते. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन मात्र बेअरिंगवर मारू नका. त्याचा झोत सील ओलांडून ग्रीस धुऊन काढतो आणि महिनाभरात बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्याचं बेअरिंग) करकरायला लागतं. बादली, ब्रश आणि भांड्याचा साबण पुरतो. फोर्कच्या नळ्या मऊ कापडानं पुसा, सीलपाशी मातीची कड राहू देऊ नका. चेन पुसून, सुकवून, प्रत्येक कडीच्या रोलरवर एकच थेंब तेल टाका, पाच मिनिटांनी जादा तेल पुसून काढा: कोरड्या दिवसांत ड्राय ल्यूब, पावसाळ्यात वेट. चेन गेज लावून बघा. अकरा-बारा स्पीडला ०.५ टक्के ताण आला की चेन बदला, आठ ते दहा स्पीडला ०.७५ ला. उशीर केला तर चेनबरोबर कॅसेटही जाते, आणि तिची किंमत चेनच्या कैकपट.

आंघोळीआधी कानामागे, काखेत आणि गुडघ्याच्या मागे गोचीड आहे का ते कुणाकडून तरी बघून घ्या. असली तर चिमट्यानं कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा, पिळू नका.